होडीस भोंक न पाडतां

गेल्या नाताळच्या सुटींत देवबागेस आमचें कांहीं दिवस राहणें झालें. देवबाग म्हणजे मालवणच्या दक्षिणेस, एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी, यांच्यामध्यें निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी होय. आमच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांची तेथें एक लहानशी लांकडी होडी आहे. खाडींत गरवावयास जाण्याचा आम्हांस फार दिवसांचा नाद. म्हणून त्या होडींत बसून मासे धरण्याची परवानगी आम्हीं मागितली, आणि ती त्या वृद्ध गृहस्थांनीं मोठ्या आनंदानें दिली. शहरांतून निघतांना आम्हीं गळाची एक काठी, ती रोवून ठेवण्याची एक धातूची नळी, चार स्क्रू आणि एक गिरमिट बरोबर घेतलें होतें. नळीच्या बैठकीस चार भोंकें आहेत, तितकींच होडीच्या कांठास पाडावीं, कीं काम झालें, असा आमचा सरळ हिशेब. गिरमिटाचें टोंक लांकडास टेकलें मात्र, तोंच आजोबा धांवत आले व म्हणाले, "मास्तरांनूं, होडयेक भोक पाडू नकात. पाडूक येळ लागणा नाय, बुजवूक जलम जाता."

आम्ही वर्गांत पदार्थविज्ञान शिकवितों. तरीहि त्या क्षणीं ओशाळण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ज्या होडीवर एका कुटुंबाचें पोट चालतें, ती आम्ही चार दिवसांच्या करमणुकीसाठीं विंधावयास निघालों होतों. आजोबांनीं गिरमिट हळूच आमच्या हातांतून काढून घेतलें, आणि अर्ध्या घटकेंत एक बांबूचें पेर व चार हात काथ्याची दोरी एवढ्यावर आमची काठी अशी बसवून दिली कीं, सुटी संपेपर्यंत ती रेसभर हलली नाहीं. त्यांनीं जें केलें तें कां टिकलें, याचा मागाहून आम्हीं कागदावर हिशेब मांडून पाहिला. तोच येथें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आधीं भोंकाविषयीं. समजा, पाण्याच्या पातळीखालीं ३० सेंटिमीटरांवर होडीस १० मिलिमीटर व्यासाचें, म्हणजे करंगळीच्या जाडीचें, एक भोंक पडलें. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्ली यानें सन १६४४ मध्यें प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, भोंकांतून येणाऱ्या पाण्याचा वेग तितक्याच उंचीवरून पडणाऱ्या पदार्थाच्या वेगाएवढा असतो. ३० सेंटिमीटरांस हा वेग सेकंदास सुमारें २.४ मीटर येतो. धार भोंकाबाहेर पडतांना आकुंचन पावते, म्हणून भोंकाच्या क्षेत्रफळाचा सहा-दशांश भागच हिशेबांत धरावा. इतकी सूट देऊनहि मिनिटास जवळजवळ ७ लिटर, व तासास ४०० लिटरांहून अधिक पाणी आंत येतें. चारशें लिटर पाणी म्हणजे चारशें किलोचें ओझें. सहा धडधाकट माणसें न बोलावतां होडींत येऊन बसल्यासारखेंच तें. आंतील पाणी वर चढूं लागलें म्हणजे येणारी धार मंदावते खरी. परंतु तेव्हां होडीहि खालीं बसत असते, म्हणून त्यांत समाधान मानण्याजोगें कांहीं नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "आपण तर भोंक कांठाला पाडणार होतां. कांठ पाण्याच्या वर असतो." हें म्हणणें खोटें नव्हे. परंतु भरलेली होडी लाटेवर कलंडली म्हणजे कांठ व पाणी यांत चार बोटांचेंहि अंतर राहत नाहीं. शिवाय भोंकाचें खरें नुकसान असें एका दिवसांत होत नसतें. तें वर्षानुवर्षें चालतें व डोळ्यांस दिसत नाहीं. लांकूड म्हणजे लांबीच्या दिशेनें एकमेकांस चिकटून ठेवलेल्या अति बारीक नळ्यांची मोळी आहे. फळीच्या पृष्ठभागावर या नळ्यांच्या बाजू असतात, आणि वर तेलाचा हात दिलेला असतो. तेथून पाणी सहसा शिरत नाहीं. गिरमिटानें मात्र या नळ्या आडव्या कापल्या जातात आणि त्यांचीं तोंडें उघडीं पडतात. मग पावसाचें व लाटांचें पाणी दिवा वातीनें तेल ओढतो तसें आंत ओढलें जातें. त्या भोंकांत लोखंडी स्क्रू असला तर आणखीच अनर्थ. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो पाचरीप्रमाणें लांकूड फांकवितो. शिवाय खाऱ्या ओलींत लोखंड गंजत असतां जीं द्रव्यें उत्पन्न होतात तीं भोंवतालचें लांकूडच खातात. जुन्या होडीचा एखादा खिळा उपटून पाहावा. त्याच्या भोंवतीं काळें, भुसभुशीत, नखानें उकरतां येईल असें कडें सांपडतें.

भोंक पाण्याखालीं असेल तर एक आगंतुक शत्रूहि असतो. समुद्रांत लांकूड पोखरणारा एक प्राणी आहे. दिसण्यांत किड्यासारखा, परंतु वस्तुतः शिंपल्यांच्या वर्गांतला. त्याचें पिल्लूं इतकें बारीक कीं तेलाचा हात न लागलेली तिळाएवढी जागाहि त्यास पुरते. वरून पाहिलें तर टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र, आणि आंत बोट जाईल असा बोगदा! फळी ठणठणीत दिसत असतां एके दिवशीं पाय ठेवतांच फुटते, ती या प्राण्याच्या करणीनें.

आतां लांकडी होड्यांच्या जोडीस किनाऱ्यावर फायबरच्या होड्या पुष्कळ दिसतात. त्यांस कीड लागत नाहीं व कूज नाहीं, म्हणून त्या खुशाल विंधाव्या असें कित्येकांस वाटतें. परंतु येथें दुसराच नियम आड येतो. सन १८९८ मध्यें किर्श नांवाच्या एका जर्मन अभियंत्यानें गणितानें दाखवून दिलें कीं, एखादा रुंद पत्रा दोहों बाजूंनीं ताणला व त्यांत एक वाटोळें भोंक असलें, तर भोंकाच्या कडेस इतर जागेच्या तिप्पट ताण पडतो. भोंक लहान असो वा मोठें, तिप्पट ती तिप्पटच. कांचतंतूंच्या थरांस हा आंकडा जसाचा तसा लागू पडत नाहीं, कारण त्यांचें बळ सर्व दिशांस सारखें नसतें. पण तडा भोंकापासूनच सुरू होतो, हें खरें. शिवाय चार-पांच मिलिमीटर जाडीच्या अशा कवचांत स्क्रूच्या आट्यांस धरावयास फारसें कांहीं नसतेंच. दोन-चार हिसके बसले कीं तो सैल होतो, आणि सैल झालेला स्क्रू स्वतःच गिरमिटाचें काम करूं लागतो.

असो. आजोबांनीं गिरमिट ठेवून दिलें तेव्हां आम्हांस पहिला प्रश्न विचारला तो असा : "ओढ खंयसून येतली?" म्हणजे ओढ कोठून येणार? दोरी हातीं घेण्यापूर्वीं त्यांनीं हेंच विचारावें, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटलें. कारण तरफेचा सारा सिद्धान्त याच प्रश्नांत आहे. काठीचें टोंक नळीपासून २ मीटर दूर आहे, आणि माशानें तें ५ किलोच्या जोरानें ओढलें असें समजा. आमच्या धातूच्या नळीची बैठक १० सेंटिमीटर लांबीची होती. म्हणजे ओढीचा हात २ मीटरांचा आणि तिला अडविणारा हात १० सेंटिमीटरांचा. वीस पटींचा फरक. पांच किलोचा मासा बैठकीच्या मागच्या स्क्रूंस १०० किलोच्या जोरानें उपटणार! चार स्क्रूंनीं आमची नळी पहिल्याच दिवशीं उखडली असती, आणि कांठाचा एक ढलपाहि बरोबर नेला असता. तीच नळी जर अर्ध्या मीटर अंतरावरील दोन ठिकाणीं बांधली, तर मागच्या बांधणीवर १०० ऐवजीं २० किलोचाच भार येतो. वीस किलो म्हणजे एक सामान्य पोतडी. तेवढें तर काथ्याची दोरी हंसत हंसत पेलते.

आजोबांनीं नेमकें हेंच केलें. त्यांची होडी उलांडीची आहे. ज्या वाचकांनीं अशी होडी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों : अरुंद होडी कलंडूं नये म्हणून तिच्या एका बाजूस कांहीं अंतरावर पाण्यावर तरंगणारा एक हलका ओंडका असतो, तीच उलांडी, आणि होडीवरून आडवीं गेलेलीं दोन लांकडें तिला होडीशीं जोडतात. होडी उलांडीच्या बाजूस कलूं लागली तर ओंडक्यास पाणी वर ढकलतें. उलट बाजूस कलूं लागली तर ओंडक्याचें वजन तिला खालीं ओढून धरतें. हीं आडवीं लांकडें पिढ्यान्‌पिढ्या काथ्यानें बांधीत आले आहेत. आजोबांनीं हातभर लांबीचें एक जाड बांबू घेतलें, त्याच्या तळाचें पेर शाबूत ठेवलें म्हणजे काठी खालीं निसटणार नाहीं, पेरांत पाणी सांचूं नये म्हणून एक बारीक छिद्र पाडलें (भोंकाचा त्यांस असा सरसकट तिटकारा नव्हता, बांबू दुसरा मिळतो, होडी मिळत नाहीं), आणि तें बांबू वरच्या अंगास आडव्या लांकडाशीं व खालच्या अंगास होडीच्या आंतील फांसळीशीं असें दोन ठिकाणीं आवळून टाकलें. होडीस नवें कांहीं जोडावयाचें असेल तेव्हां, धरावयास तिच्यापाशीं आधींच काय आहे हें पाहावें लागतें. आडवें लांकूड, बसावयाची फळी, फांसळ्या, वल्ह्याची खुंटी : अगदीं लहान होडींतहि अशा पांच-सहा जागा सांपडतात.

आतां बांधणीची रीत. दोन लांकडें एकमेकांवर आडवीं ठेवून नुसतें गुंडाळलें तर तीं लवकरच किरकिरूं लागतात. आधीं दोहोंभोंवतीं तीन-चार वेढे घ्यावयाचे, प्रत्येक वेढा आधीच्याच्या शेजारीं, त्यावर चढूं न देतां. मग दोरी वळवून, लांकडांच्या मधून, त्या वेढ्यांसच कमरपट्ट्याप्रमाणें दोन-तीन आडवे वेढे द्यावयाचे व पाय रोंवून ओढावयाचे. पहिले वेढे धरतात. हे दुसरे वेढे पहिल्यांस आवळतात. मुलें हा दुसरा भाग विसरतात. आम्हीही विसरलों होतों, व आजोबांनीं कांहीं न बोलतां आमची बांधणी सोडून पुनः बांधली.

शेवटच्या गांठीवर सारा भार असतो अशी सामान्य समजूत आहे, ती चुकीची होय. खुंटीस गुंडाळलेल्या दोरीच्या घर्षणाचा नियम अठराव्या शतकांत ऑयलर या थोर गणित्यानें मांडला. दोरी व लांकूड यांच्या घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानें सुट्या टोंकास लावलेल्या जोराच्या साडेसहा पट ओढ अडवितां येते. दोन वेढ्यांनीं सुमारें ४३ पट. तीन वेढ्यांनीं सुमारें २८५ पट. वेढे बेरजेनें वाढतात, पकड गुणाकारानें वाढते. म्हणूनच नांगराची दोरी खुंटीस तीन वेढे देऊन दहा वर्षांचें पोर एका हातानें धरून ठेवतें. बांधणींतील वेढ्यांनीं बहुतेक ओढ आधींच गिळलेली असते. गांठीकडे जें उरतें तें थोडें.

कोणती दोरी घ्यावी, याविषयीं आजोबांचें मत काथ्याकडे झुकतें. नारळाचीं सोडणें कित्येक महिने खाऱ्या पाण्याच्या चिखलांत कुजवून, बडवून जो काथ्या निघतो, त्यांत जें कुजण्याजोगें तें आधींच कुजून गेलेलें असतें; उरलेला धागा खाऱ्या पाण्यास दाद देत नाहीं. काथ्या ताग-सुताहून बळानें कमी खरा, परंतु त्याच्या अंगीं लवचीकपणा आहे. लाटेच्या हिसक्यानें बांधणी किंचित् ताणते आणि पुनः मूळ जागीं येते. खिळा मात्र ताणत नाहीं, तो आपलें भोंक रुंद करितो. सुताच्या दोरीची तऱ्हा निराळी. अंगणांत कपडे वाळत घालण्याची सुती दोरी पावसांत ताठ होते, हें प्रत्येक घरीं पाहावयास मिळतें. तंतू भिजून फुगतात, पीळ फुगलेल्या गाभ्याभोंवतीं फिरावा लागतो, आणि दोरी आंखूड होते. म्हणून अशी दोरी कोरडी बांधावी. ओली बांधली तर वाळल्यावर ढिली पडते. नायलॉनची दोरी उलट भिजल्यावर किंचित् लांबते, आणि ताणतेहि पुष्कळ. तिनें केलेली बांधणी दुपारीं घट्ट होती ती संध्याकाळीं डुलूं लागते. आमच्या अनुभवास पॉलिएस्टरची वेणीची दोरी बरी वाटली, पण हें आजोबांस सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

दोरीच्या बळावर माणसें किती दूर जातात याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सन १९७६ चा 'होकुलेआ' या जोडहोडीचा हवाई बेटांपासून ताहितीपर्यंतचा प्रवास. तिचीं आडवीं लांकडें दोरीनेंच बांधलेलीं होतीं. आपल्याकडेहि लांकडें शिवून जहाजें बांधण्याची विद्या प्राचीन आहे, आणि त्याच रीतीनें गोव्यांत शिवलेलें 'कौण्डिन्य' हें जहाज सन २०२५ मध्यें भारतीय नौदलांत दाखल झालें. मात्र चतुर विद्यार्थी येथें आम्हांस पकडतील : शिवावयाचें म्हणजे भोंकें पाडावयाचींच! खरें आहे. शिवलेल्या जहाजास तर भोंकांची गणतीच नसते. परंतु तीं जहाज बांधतांना, जागा ठरवून पाडलेलीं असतात, आणि प्रत्येक भोंक तंतू व राळ घालून बुजविलेलें असतें. आम्ही जीं चार पाडणार होतों तीं त्या जातीचीं नव्हेत.

फायबरच्या होडीस मात्र आंत फांसळ्या बहुधा नसतात, व बांधावयास जागा थोडी असते. तेथें कांठ दोहों बाजूंनीं धरणारी पकड उपयोगीं पडते : लांकडाचे दोन जबडे, मध्यें बोल्ट, व हातानें फिरवावयाची कानांची चाकी. जबडे तळहाताएवढे रुंद असावेत, म्हणजे दाब एका ठिपक्यावर न पडतां पसरतो. आणि आंतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावावा. बोल्टानें १०० किलोचा दाब दिला व रबराचा घर्षण-गुणांक ०.४ धरला, तर दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारें ८० किलोची सरकती ओढ सोसली जाते. तरफेचा नियम मात्र येथेंहि सुटत नाहीं. एकटी पकड पिळवटून निघते. म्हणून नळीचें खालचें टोंक बसावयाच्या फळीस दोरीनें बांधून टाकावेंच.

बाजारांत रबराच्या पोकळ वाट्या मिळतात. त्या दाबल्या कीं गुळगुळीत पृष्ठभागास चिकटून बसतात. त्यांस धरून ठेवतें तें रबर नव्हे, तर बाहेरील हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो. १० सेंटिमीटर व्यासाच्या वाटीवर हा हिशेब ७८ किलोपर्यंत जातो. ऐकावयास मोठें वाटतें. परंतु आंतील हवा पूर्ण निघत नाहीं, उन्हानें रबर मऊ पडतें, आणि कडेखालीं वाळूचा एक कण राहिला कीं हवा हळूहळू आंत शिरते. लांकडावर तर त्या टिकतच नाहींत. दिवा किंवा पेला ठेवण्यास ठीक. ज्यावर मासा ओढणार आहे अशा काठीस त्यांचा भरंवसा नको.

एका यंत्राविषयीं मात्र सांगितलेंच पाहिजे, कारण त्यासाठीं तळास भोंक पाडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. पाण्याची खोली व मासे दाखविणारें ध्वनियंत्र पाण्यांत आवाजाची लहर सोडतें आणि तिचा प्रतिध्वनि ऐकतें. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,५०० मीटर जातो. १५ मीटर खोलीवरून प्रतिध्वनि सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत परत येतो. फायबरचें कवच एकसंध व भरीव असेल तर ही लहर त्यांतून आरपार जाते. म्हणून यंत्राचा ध्वनि सोडणारा भाग होडीच्या आंतच, तळास राळेनें चिकटवून बसवितां येतो. अट एकच : मध्यें हवेचा बुडबुडा राहतां कामा नये, हवेवर आदळून लहर तेथल्या तेथें परत फिरते. कवचाच्या दोन थरांमध्यें फेस भरलेला असेल, किंवा होडी लांकडी असेल, तर ही युक्ति चालत नाहीं. तेव्हां तो भाग एका दांड्यास लावावा व दांडा होडीच्या मागील अंगास पकडीनें धरून पाण्यांत सोडावा. घरीं परततांना वर उचलून घेतां येतो, हा आणखी एक फायदा.

बांधलेली वस्तु सुटलीहि पाहिजे, ही गोष्ट आम्हांस सर्वांत शेवटीं उमगली. गळ खडकांत अडकला, प्रवाह जोराचा आहे, आणि दोरी तुटत नाहीं : अशा वेळीं होडी कांठावर कलून पाणी घेते. म्हणून आधींच ठरवून ठेवावें कीं प्रथम काय तुटावयाचें. खडकाळ जागीं नांगर टाकतांना कित्येक जाणते लोक मुख्य दोरी नांगराच्या वरच्या कडीस न बांधतां खालच्या बुडख्यास बांधतात, आणि कडीशीं तिला एका बारीक सुतळीनें अडकवून ठेवतात. नांगर अडकला व जोरानें ओढला, कीं सुतळी तुटते, ओढ बुडख्याकडून लागते, आणि नांगर उलटा होऊन खडकांतून निघतो. एका पैशाची सुतळी जाते, नांगर वांचतो. नांगराची दोरी नेहमीं नाळेस बांधावी, बाजूस कधींहि नाहीं. बाजूस बांधलेली होडी प्रवाहाला आडवी होते व भरते. आमच्या बांबूचा वरचा बंध आजोबांनीं फांस ठेवून बांधला होता. टोंक ओढलें कीं सबंध सुटावा असा. आणि एक लहान सुरी बसावयाच्या फळीखालीं, हात जाईल तेथें, खोंचून ठेविली होती.

सुटी संपल्यावर बांबू सोडलें, तेव्हां आडव्या लांकडावर दोरीचा फिकट वळ तेवढा राहिला होता. दोन दिवसांनीं तोहि दिसेना, असें आमच्या विद्यार्थ्यानें मागाहून कळविलें. निघतांना आम्हीं आजोबांस विचारलें, "तुमच्या होडीस भोंक एकहि नाहीं कां?" ते आम्हांस मागच्या अंगास घेऊन गेले आणि तळाशीं असलेलें एक लांकडी बूच दाखविलें. होडी वाळूवर ओढल्यावर आंत सांचलेलें पाणी सोडून देण्यासाठीं तें एकच भोंक ठेविलें होतें. बुचास एक दोरी होती, दोरीचें दुसरें टोंक फांसळीस बांधलेलें होतें, आणि होडी पाण्यांत लोटण्यापूर्वीं प्रत्येक वेळीं आजोबा वांकून तें बूच अंगठ्यानें दाबून पाहत असत.